धारजिणं नसलेलं नाक

माझं नाक लग्नात टोचायचं राहिलं ते सत्तरी उलटेपर्यंत राहिलं. मग मी जिंतूरला जाऊन ते टोचून आले. आता कुणी भेटलं की आधी नाकाकडं बघतं, मग विचारतं, ‘या वयात कशाला?’ उभ्या उभ्या सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून लिहिते. शाळा माझी चौथीपर्यंत झाली आहे, त्यामुळे फार फुलवून लिहिता येणार नाही.

आमच्या माहेरी मुलीचे कान लहानपणीच टोचत, पण नाक टोचायचं ते सासरच्या सोन्यानं, अशी रीत होती. वडील म्हणायचे, ‘नाक त्यांचं, सोनंही त्यांचं, आपण कशाला मधे पडा?’ म्हणून कोऱ्या नाकानं मी लग्न होऊन आले. सासरचं गाव जिंतूरहून येलदरीला जाणाऱ्या रस्त्यावर. सासूनं, म्हणजे आत्याबाईंनी, चमकी करून ठेवली होती. संक्रांत झाली की सोनाराला बोलावू, असं ठरलं होतं.

घरात मला एक जाऊ होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. तिला मी अक्का म्हणते. अक्काला एकच लेक होती, आठ-नऊ वर्षांची. माझ्यासाठी केलेली चमकी त्या पोरीनं पाहिली आणि हट्टाला पेटली. भावकीत लग्न आलं होतं आणि तिला त्या लग्नात नाकात काहीतरी घालून मिरवायचं होतं. सोनार बाजाराच्या दिवशी यायचा, तो त्या आठवड्यात आला नाही. पोर काही ऐकेना. शेवटी अक्का म्हणाली, ‘ये इकडं, मीच टोचते, नरडं काढू नको.’

तेव्हा बायका गोधडी शिवायची सुई भिंतीत खोचून ठेवत. डबी-बिबी कुठली? काम झालं की दोऱ्यासकट सुई भिंतीत, म्हणजे हरवत नाही. भिंत मातीची, शेणानं सारवलेली. अक्कानं त्याच भिंतीतली सुई उपसली, पदराला पुसली, गोडेतेलात बुडवली आणि पोरीच्या नाकातून आरपार काढली. लाल दोरा ओवून गाठ मारली. मी समोरच भाकरी थापत होते. पोर रडली नाही. आरसा घेऊन अंगणभर नाक वर करून फिरली.

लग्न झालं. त्यानंतर काही दिवसांनी तिचा जबडा मिटला. आम्हाला वाटलं दाढ दुखत असेल. मग अंग ताठ व्हायला लागलं. बैलगाडीनं जिंतूरला नेली, तिथून परभणीला. पुढचं लिहीत नाही. तिला परत आणली तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या आणि त्यांच्यात कुजबुज सुरू होती.

‘आईनंच टोचलं म्हणं.’

‘कुठली सुई, काय सुई, देव जाणे.’

‘आई हाय का कोण हाय.’

आत्याबाई कडक बाई. अक्काला मुलगा नाही म्हणून तिला रोज काही ना काही ऐकवायच्या. भाकरी करपली तरी अक्का, म्हैस आटली तरी अक्का. मला वाटलं, आता ही बाई अक्काला जितं ठेवत नाही. पण आत्याबाई त्या बायकांच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, ‘आमच्या घराला नाक टोचणं धारजिणं न्हाई. माझी नणंद बी अशीच गेली व्हती. मला सांगायचं राह्यलं, चूक माझी हाय.’ एवढं बोलून त्यांनी आपल्या नाकातली चमकी फिरवून काढली आणि कनवटीला खोचली. मरेपर्यंत पुन्हा घातली नाही. त्यांचं पाहून अक्कानंही आपली काढली.

धारजिणं नाही म्हणजे काय, हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. एखाद्या घराला हळद लावणं धारजिणं नसतं, एखाद्या घराला पाळणा बांधणं. का, ते कुणी विचारत नाही. एकदा तसं म्हटलं की माणसाचा दोष संपतो. बायका गप झाल्या. कुणीतरी ‘अरे देवा’ म्हणालं आणि कुजबुज तिथंच थांबली.

बऱ्याच वर्षांनी, आत्याबाई गेल्यावर, मी नवऱ्याला सहज विचारलं, ‘तुमची ती आत्या किती वर्षांची होती?’ तो म्हणाला, ‘कोणती आत्या? बाबा एकटेच होते. त्यांना बहीण न्हवती.’ मी पुढं काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मी आत्याबाईंना मनातल्या मनात शिव्या देणं बंद केलं. आयुष्यात ज्या सुनेला एक चांगला शब्द दिला नाही, तिच्यासाठी ही बाई चारचौघांत खोटं बोलली, नाकातलं सोनं उतरवलं आणि वर चूक स्वतःकडं घेतली. मला एवढं जमलं नसतं.

माझं नाक मात्र त्या खोट्यापायी गेलं. चमकी मोडून माझ्या बुगड्या झाल्या. पुढं माझ्या लेकी झाल्या, त्यांची नाकं कोरी. त्या सासरी गेल्यावर त्यांनी टोचून घेतली, कारण परक्या घरी गेली की नेम सुटतो. आमच्या घरच्या सुना, नाती मात्र लग्नकार्यात चापाची नथ घालत. ती जेवताना डाळीत पडायची. नेम वाढतही गेला. माझ्या मुलाच्या तोंडून मी एकदा ऐकलं, सात पिढ्यांपासून आमच्यात हे असं चालत आलंय. मी हसू दाबलं. पहिली पिढी माझ्या डोळ्यांदेखत झाली होती.

आणखी एक झालं. त्या पोरीचं नाव घरातून गेलं. तिचं नाव काढलं की कशानं गेली हे निघणार, म्हणून कुणी काढेना. माझ्या मुलांना आपल्याला एक चुलत बहीण होती हेसुद्धा नीट माहीत नव्हतं.

आता नातीचं सांगते. ती परभणीला औषधांचं शिक्षण घेते, होस्टेलवर राहते. गेल्या दिवाळीत घरी आली आणि जेवताना बापाला म्हणाली, ‘पप्पा, मला चमकी घालायचीय. परभणीतच टोचून घेते.’

मुलगा म्हणाला, ‘आपल्यात चालत न्हाई.’

‘का?’

‘धारजिणं न्हाई.’

‘म्हणजे काय होतं?’

‘ते मला काय माहीत? न्हाई म्हणजे न्हाई.’

पोरीनं वरण वाढून घेतलं, भात कालवला आणि म्हणाली, ‘बरं. मग भुवई टोचते. आमच्या वर्गातल्या एकीनं टोचलीय, इथं, कातडीतून आडवी. भुवईबद्दल तर कुणी काही म्हणलं न्हाई ना?’

मुलाचा घास हातातच राहिला. तो माझ्याकडं वळला. ‘माय, आपल्यात भुवईचं काय हाय?’

मला इतकं हसू आलं की ठसका लागला. चांगला शिकलेला, ट्रॅक्टर चालवणारा, सोयाबीनचा भाव मोबाइलवर बघणारा माणूस, आणि भुवईचा नेम आईला विचारतो. पण हसता हसता माझ्या लक्षात आलं, की हा घाबरलाय. खरंच घाबरलाय. कशाला, ते त्यालाही ठाऊक नाही. आणि हे भय असंच नातीच्या लेकीपर्यंत जाणार.

मी म्हणाले, ‘भुवईचं मला माहीत न्हाई. नाकाचं मात्र मी बघते. आधी माझं टोचू. मला काही झालं तर म्हातारी गेली म्हणा. न्हाई झालं तर पोरीला अडवायचं न्हाई.’

‘माय, काहीतरीच काय!’

‘मग सांग काय होतं ते.’

तो हात धुवायला उठला.

सोपं वाटलं ना? सोपं नव्हतं. माझ्या नाकाला काही होणार नाही हे मला ठाऊकच होतं. अडचण अक्काची होती. घराला नाक टोचणं धारजिणं नाही असं जोवर मानतात, तोवर तिची लेक नेमापायीच गेली. माझं नाक बरं झालं की नेम खोटा ठरणार. मग पोर कशानं गेली? भिंतीतल्या सुईनं. सुई कुणाच्या हातात होती? आत्याबाईंनी जे झाकलं होतं, ते मी माझ्या नाकानं उघडं करणार होते. ऐंशी ओलांडलेल्या बाईला या वयात हे कशाला, असंही वाटलं. पण एका पोरीच्या मरणावर घर किती वर्षं खोटं बोलणार, असंही वाटलं. तेव्हा आधी तिलाच सांगायचं ठरवलं. पाठीमागून करणं मला जमत नाही.

आमच्या दोघींच्या चुली वेगळ्या, अंगण एक. अक्का उन्हात पाय पसरून बसली होती. मी म्हणाले, ‘अक्का, मी नाक टोचून घ्यायलेय.’

तिनं पाय आखडून घेतले. मग म्हणाली, ‘मर मग.’

‘मरत न्हाई.’

‘माझ्यापुढं येऊ नको मंग.’

आणि तोंड फिरवून बसली. मला काही ती कायमची नको म्हणाली असं वाटलं नाही. नको म्हणायचं असतं तर ती शिव्या देते.

आधी उपकेंद्रात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. नर्सबाई म्हणाली, ‘आजी, काही लागलंय का?’ मी म्हणाले, ‘लागणार हाय.’ मग दोन-चार दिवसांनी नातीला घेऊन बसनं जिंतूरला गेले. बसमध्ये शेजारच्या गल्लीतली एक बाई भेटली. ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘आता मालक गेल्यावर कुणाला दाखवायचंय?’ मी म्हणाले, ‘आरशाला.’ ती खिडकीतून बाहेर बघत बसली.

सोनार तरुण होता. त्यानं नातीला खुर्चीवर बसवायला घेतलं. मी म्हणाले, ‘तिला न्हाई, मला.’ तो माझ्याकडं, मग नातीकडं बघत राहिला. ‘आजी, तुमचं बीपी-बिपी?’ मी म्हणाले, ‘तू सुई उकळलीस का ते सांग.’ त्यानं सुई उकळून, स्पिरिटनं पुसून दाखवली. मग डाव्या नाकपुडीवर पेननं ठिपका काढला आणि आरसा दिला. मी तो ठिपका दोनदा पुसायला लावला. इतक्या वर्षांनी टोचायचं तर जागेवर तरी पाहिजे.

दुखलं. दुखलं नाही म्हणणाऱ्या बायका खोटं बोलतात. म्हातारी कातडी चिवट असते, सुईला जोर लावावा लागला. डाव्या डोळ्यातून पाणी आलं, उजवा कोरडा राहिला. मग तीन शिंका आल्या आणि सोनार बिचारा हात आखडून उभा राहिला. त्यानं सोन्याच्या तारेची बारीक कडी घातली, आतून वळवली. नातीनं मोबाइलवर फोटो काढला. फोटो बघितला आणि मला माझाच अभिमान वाटला. नाक तसं चपटं आहे माझं. कडीनं त्याला रुबाब आला.

घरी आल्यावर मुलगा माझ्याभोवती फिरायला लागला, जसं काही मी तापात आहे. सुनेनं चार घरी सांगितलं. त्या आठवड्यात विहिरीवरची मोटार जळली, नाकामुळं. मांजरानं दूध सांडलं, नाकामुळं. भावकीतला एक जण मोटारसायकलवरून घसरला, तो पिऊन होता हे सगळ्या गावाला ठाऊक, तरी नाकामुळं. मी सुनेला म्हणाले, ‘तुमच्या मोटारीचं बिल पण माझ्या नाकाला लाव.’

आणि अक्का. ‘माझ्यापुढं येऊ नको’ म्हणणारी अक्का दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच काठी टेकत माझ्या दारात आली. चहा नको, पाणी नको. म्हणाली, ‘आ कर.’

‘काय?’

‘तोंड उघड.’

मी उघडलं. तिनं वाकून बघितलं आणि गेली. रोज सकाळी हेच. ‘आ कर.’ मी आ करायची, ती बघायची, जायची. सून म्हणाली, ‘मोठ्या सासूबाईंचं डोकं फिरलं का? दात मोजायल्यात की काय?’ मी काही सांगितलं नाही. ती काय बघत होती ते मला ठाऊक होतं. ती जबडा बघत होती.

कडीसोबत राहणं हा वेगळाच धंदा आहे. तोंड पुसताना टॉवेलचा धागा अडकतो आणि डोळ्यापुढं काजवे चमकतात. पदर डोक्यावर घेताना कडीत गुंततो. डाव्या कुशीवर झोपायची सवय, ती मोडावी लागली. मिरच्या भाजल्या की जखम आधी सांगते. मी हळद आणि खोबरेल लावत होते, जसं माहेरी कानाला लावत. त्यानं भोकापाशी लाल गाठ आली, ज्वारीच्या दाण्याएवढी. नातीला फोनवर सांगितलं तर ओरडली, ‘आजी, हळद बंद कर! मिठाचं कोमट पाणी, दुसरं काही न्हाई!’ त्यात मला सर्दी झाली आणि अंग कणकणलं. झालं. मुलगा म्हणाला गाडी काढतो, परभणीला चल. सून देवापुढं बसली.

दुपारी अक्का आली. ‘आ कर.’

मी केलं.

‘अजून.’

अजून केलं.

‘अजून उघड की, येत न्हाई का?’ तिनं माझी हनुवटी धरली आणि खाली ओढली.

माझं डोकं फिरलं. तिचा हात बाजूला करून म्हणाले, ‘अक्का, इंजेक्शन घेतलंय मी. जबडा मिटणार न्हाई माझा. सर्दी झालीय, सर्दी!’

जबडा हा शब्द आमच्या दोघींत पहिल्यांदाच आला. ती खाली बसली, पार जमिनीवर. सून आतून आली होती, तिला मी हातानंच थांबवलं.

अक्का म्हणाली, ‘तवा न्हवतं का गं इंजेक्शन?’

‘असंल जिंतुरात. आपल्याला कुठं माहीत व्हतं?’

‘सुई भिंतीतली व्हती.’

‘ठावं हाय मला.’

‘तुला काय ठावं?’

‘मी समोरच भाकरी थापायलते, अक्का.’

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, ‘आत्याबाईला नणंदच न्हवती.’

‘ते बी ठावं हाय.’

‘मंग एवढी वर्षं तू काय गोधडी पांघरून बसलीस का?’

‘तू तरी कुठं बोललीस?’

‘म्या काय बोलू? म्हातारीनं सगळ्यांपुढं माझी इज्जत राखली. पुन्हा त्याच्यावर एक शबूद न्हाई बोलली. तिच्यापुढं मला रडाया बी येईना. रडले तर खोटं उघडं पडंल वाटायचं.’ मग म्हणाली, ‘लोकं म्हणायची, घराला धारजिणं न्हाई. म्या मान हलवायची. आन् रोज सकाळी भिंत बघायची.’

मी तिला पाणी दिलं. समजूत घालणं मला येत नाही. एवढंच म्हणाले, ‘तुला भिंतीचं ठाऊक असतं तर तू ती सुई घेतली असतीस का?’

‘न्हाई.’

‘मंग झालं.’

‘झालं म्हणून होतंय व्हय?’ अक्का म्हणाली. बरोबर म्हणाली.

संध्याकाळी मुलगा शेतातून आला तसं अक्कानं त्याला बोलावलं. मला वाटलं माझी तक्रार करते की काय. तिनं त्याला समोर बसवलं, सुनेलाही बसवलं आणि सगळं सांगितलं. सुई, भिंत, तेल, लाल दोरा, जबडा. ‘माझ्या हातानं झालं ते. धारजिणं-बिरजिणं काही न्हाई. आत्याबाईनं माझ्यासाठी केलेलं व्हतं ते. आता बंद करा. पोरीला टोचू दे, पण इंजेक्शन घेतल्याबिगर न्हाई.’

मुलानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. सात पिढ्यांचा नेम त्याच्या हातून एका दमात गेला होता. शेवटी म्हणाला, ‘मोठी आई, तिचं नाव काय व्हतं?’

अक्कानं नाव सांगितलं. मी ते इथं लिहीत नाही, ते आमच्या घरचं आहे. पण त्या घरात ते नाव मोठ्यानं घेतलेलं मी कितीतरी वर्षांनी ऐकलं, आणि अक्काचा आवाज कापला नाही. ऐंशीच्या पुढच्या बाईनं, पुतण्या आणि त्याच्या बायकोपुढं, कुणी विचारलेलं नसताना. मी खूप माणसं पाहिली. असं बोलायला छाती लागते. माझी जाऊ आहे ती, हे मी आता कुणालाही सांगते, नाकाचं नंतर सांगते.

गाठ मिठाच्या पाण्यानं उतरली. भोकापाशी बारीक व्रण राहिलाय, तो राहू दे. आता कडीच्या जागी एका खड्याची चमकी घालते. नातीनं हिवाळ्याच्या सुट्टीत टोचून घेतलं, तिला माझ्यापेक्षा जास्त शोभतं, नाक धारदार आहे तिचं. भुवईचा विषयही अजून सुटलेला नाही, पण तो तिचा आणि तिच्या बापाचा प्रश्न आहे.

अक्का आता बोलते. लेकीबद्दल बोलते. ती तूप चोरून खायची, म्हशीच्या पाठीवर बसायची, पाढे म्हणताना सातावर अडकायची, आजीची नक्कल करून दाखवायची. इतक्या वर्षांचं साठलेलं, एका दमात संपणार कसं? तेच तेच पुन्हा सांगते. सून कंटाळून उठून जाते. मलाही कंटाळा येतो, खोटं कशाला सांगू. मी शेंगा फोडत बसते आणि ऐकते, आणि तिनं पाढ्याचं सांगितलं की म्हणते, ‘सातावर न्हाई अक्का, नवावर अडकायची,’ आणि मग ती माझ्याशी भांडायला लागते.